बौद्ध समाजांचा तौलनिक अभ्यास तालुक्याच्या वर्गातून काढू नका : कुलगुरू आणि विद्या परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,
तसेच विद्या परिषदेचे आणि संबंधित अभ्यासमंडळाचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार आणि जयभीम.

येत्या शैक्षणिक वर्षापासून ‘बौद्ध धम्म आणि विविध समाज’ हा चार श्रेयांकांचा ऐच्छिक विषय संलग्नित महाविद्यालयांतून बंद होणार असून तो यापुढे फक्त विद्यापीठ परिसरातील विभागात शिकवला जाईल, आणि आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांसाठी त्याच्या जागी बौद्ध वारसा व पर्यटन या नावाचा दोन श्रेयांकांचा ऑनलाइन विषय ठेवला जाईल, असे आपल्या कार्यालयाचे परिपत्रक आमच्या हाती आले आहे. या निर्णयाविरुद्ध आम्ही काही शिक्षकांनी प्राचार्यांमार्फत निवेदन पाठवले. त्याची पोच मिळाली, उत्तर मात्र मिळाले नाही. विषय विद्यार्थ्यांचा आहे, पालकांचा आहे आणि विद्यापीठ सार्वजनिक आहे, म्हणून जे निवेदनात लिहिले होते ते आता जरा सविस्तर आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवते. हा विषय सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे तो मीच घेते. माझ्या घरातली वडीलधारी माणसे १९५६ च्या अशोक विजयादशमीला नागपुरात होती, त्यामुळे या विषयात माझा जीव गुंतला आहे हे मी लपवत नाही. परंतु माझी तक्रार भावना दुखावल्याची नाही. परिपत्रकात तथागतांविषयी वावगा शब्द नाही, उलट गौरवाचेच शब्द पुष्कळ आहेत. तक्रार एवढीच आहे की ज्या अभ्यासात एका बौद्ध समाजाला दुसऱ्या बौद्ध समाजाच्या शेजारी ठेवून प्रश्न विचारता येत होते, तो अभ्यास काढून घेऊन आपण आमच्या मुलांच्या हाती लेण्यांची छायाचित्रे आणि स्तुती देत आहात.

जुन्या अभ्यासक्रमात काय होते, हे परिपत्रकावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले होते याची मला शंका आहे. म्हणून वर्गात प्रत्यक्ष काय चालते ते सांगते. पहिल्या घटकात बुद्धचरित्र आणि संघाची घडण येई, ते लवकर आटोपे, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते घरीच ठाऊक असते. खरा तास सुरू होई तो श्रीलंकेपासून. सिंहली विहारांच्या आवारात विष्णूचे आणि कतरगामा या स्थानिक देवाचे देवालय असते, उपासक आधी बुद्धांना फुले वाहतात आणि मग शेजारी नवस बोलायला जातात, हे सांगितले की धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली मुले ताठ होऊन बसतात. पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश यांची उपासना करणार नाही असे म्हटलेले आहे. ती प्रतिज्ञा नागपुरात घेतली गेली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पुरता महिनाही झाला नव्हता तोच, बौद्धांच्याच देशात, बँकॉकमध्ये, एका सरकारी हॉटेलच्या बांधकामात विघ्ने येतात म्हणून ब्रह्मदेवाची मूर्ती बसवण्यात आली, आणि तिथे आजही भक्तांची रीघ लागते. या दोन तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि विचारते की यातले बौद्ध कोण. त्यानंतरचा तास मला फारसा चालवावा लागत नाही. मुलेच एकमेकांशी भांडतात, आणि भांडता भांडता धर्म म्हणजे केवळ ग्रंथात लिहिलेले नव्हे, तर माणसे आपापल्या समाजात त्याचे जे काही करतात तेही, हे त्यांच्या लक्षात येते. व्याख्या पाठ करून हे साधत नाही.

आता माझे आक्षेप मांडते.

पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप अभ्यासक्रमाला लागलेल्या कात्रीबद्दल आहे. नव्या ऑनलाइन विषयात सामाजिक उतरंडीवरचा घटक नाही. परिसरात राहणाऱ्या विषयाच्या सुधारित मसुद्यातूनही तो गाळला आहे, असे ऐकिवात आहे. तसे नसेल तर आनंदच आहे. हा घटक म्हणजे या विषयाचा प्राण होता. १७५३ मध्ये सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, आलेल्या उपाली थेरांनी कँडी येथे उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) देऊन श्रीलंकेतील क्षीण झालेली भिक्खू-परंपरा पुन्हा उभी केली, आणि थोड्याच काळात त्या सयाम निकायाचे, म्हणजे भिक्खूंच्या पंथाचे, दार गोयिगम या शेती करणाऱ्या, जमीनधारक जातीपुरते उरले. ज्यांना दार बंद झाले त्यांत दालचिनी सोलणाऱ्या सालागम जातीचे लोक होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातील अमरपुरा गाठून तिथून उपसंपदा आणली आणि आपला वेगळा निकाय उभा केला. नेपाळच्या नेवारांत शाक्य आणि वज्राचार्य ही बौद्ध पुरोहितांची वंशपरंपरागत घराणी आहेत. मुलाची लहानपणी काही दिवसांची प्रव्रज्या (घर सोडून भिक्खू होण्याचा विधी) होते, चीवर म्हणजे भिक्खूचे वस्त्र उतरते, आणि तो संसारी पुरोहित म्हणून जगतो. जपानमध्ये बुराकुमिन म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांना काही बौद्ध मंदिरांतून दिल्या गेलेल्या मरणोत्तर नावांत हीनता दाखवणारी अक्षरे कोरलेली सापडली, म्हणजे थडग्यावरही जात सुटली नाही, आणि विसाव्या शतकात चळवळीचा रेटा आल्यावर धर्मपंथांना त्याची कबुली द्यावी लागली.

हे सारे ऐकणाऱ्या माझ्या वर्गात बौद्ध मुले असतात, तशीच कुणबी, तेली, कोहळी, ढिवर आणि गोंड मुलेही असतात. एका वर्षी एका शेतकरी घरच्या मुलाने विचारले, मॅडम, गोयिगम म्हणजे तिथले आमच्यासारखेच का? वर्ग हसला, पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता. जमीन ज्याच्या हाती त्याच्या हाती विहाराची किल्ली कशी जाते, हे त्याने स्वतःच्या गावावरून ताडले होते. दुसऱ्या बाजूने, बौद्ध वस्तीतल्या एका मुलीने वहीत लिहिले होते की धम्म बदलला तरी सोयरीक पाहताना पोटजात विचारणारे आमच्याकडेही आहेत, मग सिंहल्यांना नावे कशाला ठेवायची. आपल्याच घराकडे असे पाहता यावे यासाठी दूरच्या घराचे उदाहरण लागते. मुलांना थेट त्यांच्या गावच्या जातीबद्दल विचारले तर वर्ग गप्प होतो किंवा पेटतो. कँडीबद्दल विचारले तर बोलतो, आणि बोलत बोलत आपोआप गावात येऊन पोहोचतो.

या घटकाविषयी आपल्या कार्यालयाकडे तक्रारी आल्या असतील, तर त्या कोणत्या असतील याची मला कल्पना आहे, कारण त्या माझ्याकडेही आल्या. काही आपल्याच समाजातल्या कार्यकर्त्यांकडून आल्या. सिंहली संघातली जात आणि जपानी थडग्यांवरची अक्षरे वर्गात सांगून तुम्ही विरोधकांच्या हाती कोलीत देता, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कळकळीविषयी मला आदर आहे, पण हे म्हणणे मला मान्य नाही. डॉ. आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला आणि १९५४ मध्ये रंगूनला गेले ते केवळ दर्शन घ्यायला नव्हे. तिथला धम्म त्यांनी पारखून पाहिला, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खू हा परिपूर्ण माणूस असावा की समाजाचा सेवक, असा रोखठोक प्रश्न मांडला. हा प्रश्न थायलंड, जपान आणि श्रीलंका समोर ठेवल्याशिवाय विद्यार्थ्याला कळतच नाही. दीक्षेचा सोहळासुद्धा मूळच्या ब्रह्मदेशातल्या, कुशीनगरला राहणाऱ्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांच्या हातून झाला. आपल्याकडच्या धम्मक्रांतीचा धागाच मुळात अनेक देशांतून आलेला आहे. तो एका देशापुरता कापून ठेवणे हे बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या रीतीला धरून नाही.

दुसरा आक्षेप स्त्रियांविषयीच्या पाठाबद्दल. श्रीलंकेत भिक्खुणी संघाची परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली ती १९९६ मध्ये सारनाथ येथे आणि १९९८ मध्ये बोधगया येथे झालेल्या उपसंपदांनी पुन्हा सुरू झाली, आणि त्यासाठी कोरिया व चीनच्या परंपरेतल्या भिक्खुणींची मदत घ्यावी लागली. थायलंडमध्ये मात्र १९२८ च्या आदेशाचा आधार घेऊन तिथला अधिकृत संघ आजही स्त्रीला भिक्खुणी मानत नाही. जपानमध्ये १८७२ पासून भिक्खूंना विवाहाची मुभा आहे, त्यामुळे तिथे मंदिर बापाकडून मुलाकडे जाते आणि पुरोहिताची पत्नी ते अर्धेअधिक चालवते. हे शिकवून झाल्यावर मी मुलींना आपापल्या वस्तीतला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला धम्मसाधनेचा काळ, पाहून यायला सांगते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तेच तीन महिने. थायलंडमध्ये या दिवसांत गावातले तरुण तात्पुरते चीवर घालतात आणि गाव त्यांना भोजन देते. आमच्याकडे भिक्खूच कमी, तेव्हा विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि ते बहुतेक ठिकाणी बायाच चालवतात. एका विद्यार्थिनीने आपल्या वहीत सगळे टिपून आणले होते : रोवणीहून आलेल्या बाया चिखलाचे पाय धुऊन चटईवर बसतात, ज्यांना वाचता येते त्या आळीपाळीने वाचतात, एका आजीला अक्षर येत नाही पण कुठे पान चुकले ते तिलाच आधी कळते, आणि समाप्तीच्या दिवशी खिरीची कढई उतरली की विहार समितीचे सगळे पुरुष पदाधिकारी भाषणासाठी मंचावर असतात. शेवटच्या वाक्यावर मी तिला जादा गुण दिले. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत हे निरीक्षण कोणत्या पर्यायात बसले असते, हे अभ्यासमंडळाने मला सांगावे.

तिसरा आक्षेप, संवेदनशील म्हणून गाळलेल्या आधुनिक राजकारणाच्या घटकाविषयी. श्रीलंकेच्या १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. म्यानमारमध्ये २००७ साली लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरलेले भिक्खू आपण पाहिले, आणि त्यानंतर काही वर्षांतच मुस्लिमांविरुद्ध प्रचार करणारे भिक्खूही पाहिले. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात गेले. दक्षिण व्हिएतनाममध्ये ११ जून १९६३ रोजी साइगॉनच्या चौकात एका भिक्खूने सरकारच्या धार्मिक पक्षपाताविरुद्ध स्वतःला जाळून घेतले. म्हणजे चीवर सत्तेच्या विरुद्धही उभे राहते आणि सत्तेच्या बाजूनेही. आपल्याकडचे बौद्ध अल्पसंख्य आहेत. अल्पसंख्य म्हणून वाढलेल्या मुलाने बहुसंख्य बौद्धांचे राज्य अल्पसंख्याकांशी कसे वागते हे शिकणे जितके अवघड तितकेच आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या तासाला वर्गातली मुस्लिम मुले काय ऐकतात आणि बौद्ध मुले काय ऐकतात ते मी पाहिले आहे. कोणी कोणाच्या अंगावर धावून गेले नाही. तंटा होईल ही भीती आपल्याला कार्यालयात वाटते, वर्गात तिचा मागमूस नसतो.

चौथा आक्षेप परिपत्रकाच्या कारणमीमांसेवर आहे, आणि तिथे मला जरा आश्चर्यच वाटले. या विषयाची ग्रामीण भागात स्थानिक उपयुक्तता नाही, असे त्यात म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात, म्हणजे शंभरातले सत्त्याहत्तर. विदर्भाच्या कोणत्या खेड्यात हा विषय स्थानिक नाही, ते दाखवून द्यावे. बरे, लोकसंख्या सोडून देऊ. एसटीने जाऊन यावे इतक्या अंतरावर या विषयाची साधने विदर्भात पसरलेली आहेत. पवनीला जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात स्तूप सापडला. ब्राह्मी लेखांतून दान देणाऱ्यांची नावे वाचता येतात. रामटेकजवळ मनसरचे उत्खनन झालेले प्राचीन स्थळ आहे. कामठीला जपानी सहकार्याने उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस मंदिर आहे. वर्ध्याला जपानी निप्पोन्झान म्योहोजी पंथाचा विश्वशांती स्तूप आहे. त्या पंथाचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले होते, आणि सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेचा आरंभ आजही ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी जपाने होतो. विदर्भातल्या एका खेड्यात रोज पहाटे निचिरेन या जपानी बौद्ध पंथाचा मंत्र म्हटला जातो हे ज्या विद्यापीठाच्या शेजारी घडते, त्याने जपानी बौद्ध परंपरा ग्रामीण विद्यार्थ्याला अनोळखी आहे असे म्हणावे, हे मला पटत नाही.

आणि गोठणगाव. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. हिवाळ्यात आमच्या बाजारात स्वेटर विकायला बसणारी तिबेटी माणसे मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असतात, त्यांच्याशी भावावरून घासाघीस केलेली असते, पण हे आपल्यासारखेच बौद्ध आहेत असे मनात आलेले नसते. वर्गाला तिथे नेले तेव्हा मुले गोंपात, म्हणजे तिबेटी विहारात, शिरून आधी गोंधळून उभी राहिली. भिंतींवर उग्र चेहऱ्यांच्या देवता, समोर तुपाचे दिवे, दलाई लामांचे छायाचित्र, बाहेर फिरवायची मंत्रचक्रे. आमच्या विहारात तथागतांची मूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती, एवढेच असते. एका मुलाने हळूच विचारले, सर्व देव सोडले म्हणून आपण बौद्ध झालो, मग यांचे एवढे देव कुठून आले? तिथल्या वृद्ध लामांना मोडक्या हिंदीत हाच प्रश्न विचारला गेला. त्यांनी उत्तर देण्याआधी मुलाला चहा दिला आणि उलट विचारले, तुमच्या घरी आजीचा फोटो आहे का, त्याला हार घालता का? वाद मिटला नाही, पण परतीच्या बसमध्ये वज्रयान हा तिबेटी लोकांचा बौद्ध पंथ म्हणजे काय हे मला समजावून सांगावे लागले नाही, त्यांनीच मला विचारून विचारून काढून घेतले. अशा सहलीला जो जुजबी खर्च लागतो तो आम्ही वर्गणीतून केला. विद्यापीठाकडे मागितला नव्हता, आता मागणार आहे.

पाचवा मुद्दा ऑनलाइन व्यवस्थेचा. यावर फार लिहीत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. धानपट्ट्यातल्या गावांत पावसाळ्यात वीज जाते, रेंज छतावर गेल्याशिवाय येत नाही, आणि घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो भावाच्या खिशात असतो. एसटीच्या पासावर महाविद्यालयात येणारी मुलगी वर्गात शिकू शकते. रात्री नऊनंतर चित्रफीत पाहून ती शिकेल ही कल्पना ज्याने मांडली त्याने एकदा लाखांदूरकडच्या एखाद्या गावात मुक्काम करावा.

सहावा मुद्दा पात्र शिक्षक मिळत नसल्याचा आणि विद्यार्थिसंख्या कमी असल्याचा. शिक्षक मिळत नाहीत कारण जागा भरल्या जात नाहीत. आमच्या आसपासच्या कित्येक महाविद्यालयांत इतिहास आणि समाजशास्त्र तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर उभे आहे, आणि त्यांचे मानधन महिनोनमहिने रखडते. यात विषयाचा दोष काय? विद्यार्थिसंख्येची किमान अट शहरातल्या मोठ्या महाविद्यालयाला आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला एकच लावली आहे. ही अट पाळायची म्हटली तर उद्या भाषा आणि गणित वगळता आमच्याकडे काहीच शिकवता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा विषय निवडण्याची मुभा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. निवडायला समोर काही ठेवलेच नाही, तर मुभेचा उपयोग काय?

अडचण खरी कुठे आहे ते मीच सांगते, कारण आपल्या परिपत्रकात तिचा उल्लेखही नाही. ती वाचनसाहित्याची आहे. श्रीलंका, ब्रह्मदेश, जपान, तिबेट यांच्या बौद्ध समाजजीवनावर पदवीच्या विद्यार्थ्याला वाचता येईल असे मराठी लेखन फार थोडे आहे. आम्ही शिक्षक इंग्रजी लेखांवरून टिपणे काढतो, त्यांच्या झेरॉक्स प्रती वाटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मानंद कोसंबी पाली शिकायला श्रीलंका आणि ब्रह्मदेशात गेले, जे शिकले ते परत येऊन सोप्या मराठीत लिहीत राहिले, आणि १९४७ मध्ये आपल्या विदर्भातच, सेवाग्रामला, त्यांनी देह ठेवला. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत विद्यापीठांच्या प्रकाशन विभागांनी या वाटेवर किती पावले टाकली, ते त्यांच्या यादीवरून नजर फिरवली तरी कळेल. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सर्वत्र पेढे वाटले गेले. त्याच पालीला २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या ऐच्छिक विषयांतून वगळले होते, याची आठवण त्या दिवशी कोणी काढली नाही. दर्जा कागदावर वाढायचा आणि वर्ग जमिनीवर कमी व्हायचे, ही रीत आता आपल्या विद्यापीठानेही धरली आहे, असे या परिपत्रकामुळे म्हणावे लागते.

यावरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

हे परिपत्रक स्थगित करून ‘बौद्ध धम्म आणि विविध समाज’ हा विषय संलग्नित महाविद्यालयांत पूर्वीप्रमाणे चार श्रेयांकांचा आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवला जाणारा ठेवावा. चार श्रेयांक म्हणजे साठ तास. त्याहून कमी वेळात तुलना होत नाही, ओळख करून दिल्यासारखे होते. वारसा व पर्यटन हा विषय ज्यांना हवा त्यांच्यासाठी वेगळा जरूर चालवावा, त्याला आमचा विरोध नाही, पण तो याच्या बदल्यात नको.

सामाजिक उतरंड, स्त्रिया आणि संघ, तसेच आधुनिक राज्यसत्ता आणि बौद्ध धर्म हे तीनही घटक अभ्यासक्रमात कायम ठेवावेत. त्यांतला मजकूर कोणाला एकांगी वाटत असेल तर अभ्यासमंडळाने तो शिक्षकांसमोर ठेवून सुधारावा; गाळणे म्हणजे सुधारणे नव्हे.

किमान विद्यार्थिसंख्येची अट ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांसाठी शिथिल करावी, किंवा निदान जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांना मिळून एक वर्ग चालवण्यास परवानगी द्यावी. हा विषय शिकवण्याची पात्रता इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, पाली आणि डॉ. आंबेडकर विचारधारा या सर्व विषयांच्या शिक्षकांना असावी, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे मानधन दरमहा मिळावे.

अंतर्गत मूल्यमापनात क्षेत्रभेटीच्या अहवालाला स्थान ठेवावे. पवनी, मनसर, कामठी, वर्धा, गोठणगाव यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी वर्गाला नेण्यासाठी एसटीच्या भाड्यापुरती तरतूद विद्यार्थी कल्याण निधीतून करावी.

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने येत्या दोन वर्षांत या विषयाचे मराठी वाचनसंकलन तयार करावे. त्यासाठी आम्ही काही शिक्षक आमची टिपणे आणि भाषांतरे विनामोबदला द्यायला तयार आहोत.

आणि शेवटी, विषय बंद करण्याचा निर्णय अभ्यासमंडळाच्या आणि विद्या परिषदेच्या कोणत्या बैठकीत, कोणत्या कारणाने झाला, त्याचे इतिवृत्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावे. अभ्यासमंडळ आणि विद्या परिषद ही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली चालणारी प्राधिकरणे आणि मंडळे आहेत. त्यांनी घेतलेल्या शैक्षणिक निर्णयाची कारणे शिक्षकांना कळावीत, ही मागणी अवाजवी नाही.

प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी या मागण्यांवर निर्णय व्हावा, अन्यथा विद्यार्थी दुसरा विषय निवडून मोकळे होतील आणि नंतर मागणीच नव्हती असे म्हणता येईल. चर्चेसाठी आम्हाला बोलावल्यास आम्ही नक्की येऊ. तारीख आठवडाभर आधी कळवावी. आमच्या भागातून विद्यापीठात जाऊन परत यायला अख्खा दिवस जातो आणि तेवढे तास दुसऱ्या दिवशी भरून काढावे लागतात.

आपली विश्वासू,
इतिहास विभागातील एक प्राध्यापिका,
संलग्नित महाविद्यालय, जिल्हा भंडारा